बुजरं, बाहेरचं मांजर घरातल्या मांजरांमध्ये कसं रुळवायचं

बाहेर वाढलेलं मांजर आणलं, दोन दिवस एका खोलीत ठेवलं, तिसऱ्या दिवशी दार उघडलं. घरातल्या बोक्याने झडप घातली आणि नवं मांजर कपाटामागे जे शिरलं ते खायलासुद्धा बाहेर येईना. अशा वेळी लोक विचारतात, आता या दोघांचं जमवायचं कसं? खरं तर भेटीची वेळच आलेली नव्हती. आधी खोली, मग तब्येत, मग तुमची सवय, मग वास, मग नजर आणि सगळ्यात शेवटी एकत्र वावर, असा हा क्रम आहे. मधली एक पायरी गाळली की पुढच्या दोन पुन्हा कराव्या लागतात.

आणखी एक घोळ सुरुवातीलाच सोडवून टाकू. माणसाळणं वेगळं आणि दुसऱ्या मांजरांत रुळणं वेगळं. बाहेरच्या मांजराने बहुधा आयुष्यभर इतर मांजरं पाहिलेली असतात. कोणाला वाट द्यायची, कोणापासून किती लांब बसायचं हे त्याला कळतं. त्याची भीती असते माणसाची. उलट घरातलं लाडावलेलं मांजर पिल्लूपणापासून एकटं वाढलं असेल, तर दुसऱ्या मांजराशी वागायचं कसं हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नव्याइतकंच जुन्यावरही लक्ष ठेवा.

## १. आणायच्या आधी: हे मांजर नक्की कोणतं?

हरवलेलं किंवा टाकून दिलेलं पाळीव मांजर आणि माणसाचा हात कधीच न लागलेलं मांजर, दोन्ही लांबून सारखीच बुजरी दिसतात. शेपटी उभी करून येणारं, तुमच्याकडे बघून म्यांव करणारं मांजर बहुतेक कधीतरी कोणाच्या तरी घरी राहिलेलं असतं. जमिनीलगत दबकून चालणारं, आवाज न करणारं, तुम्ही लांब गेल्याशिवाय खाण्याला तोंड न लावणारं असेल तर मामला लांबचा आहे. पकडल्यानंतर मात्र यातलं काही ठरवू नका, कारण पिंजऱ्यात घाबरलेली सगळीच मांजरं रानटी वाटतात.

वयाचा फरक फार मोठा. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचं असतानाच माणसाची सवय सहज लागते. त्यानंतर दर आठवड्याला काम अवघड होत जातं. मोठं मांजर माणसाळायला महिने लागतात आणि त्यातली बरीचशी मांडीवर कधीच येत नाहीत. मांडीवर बसणारं मांजर हवं असेल तर या वाटेला जाऊ नका. त्यात तुमचाही हिरमोड आणि मांजराचेही हाल.

आधी तपासा: कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्याची नसबंदी बहुधा झालेली आहे. आजूबाजूला विचारा, ते कोणाचं आहे का. आणि मादी असेल तर पोट बघा. स्तन ओघळलेले आणि त्यांच्याभोवतीचे केस झडलेले दिसले, तर तिची दूधपिती पिल्लं जवळपास कुठेतरी आहेत. ती सापडेपर्यंत तिला कोंडू नका.

## २. खोली आधी, मांजर नंतर

खोली लहान असली तरी चालेल, किंबहुना लहानच बरी. एवढंच बघा की तिचं दार नीट बंद होतं आणि घरातल्या मांजरांचं त्या खोलीवाचून काही अडत नाही. जिथे तुमचं जुनं मांजर रोज झोपतं, ती खोली नव्याला दिलीत तर वैर तुम्हीच लावलंत.

आता जमिनीवर बसा आणि घाबरलेल्या मांजराच्या नजरेने खोली बघा. कपाटामागची फट, कपडे धुण्याच्या यंत्रामागची पोकळी, पलंगाखालच्या कापडाचा उसवलेला कोपरा, माळ्याकडे जाणारं भोक, हे सगळं बंद करा. जिथे त्याचं डोकं जातं तिथे ते पूर्ण जातं. खिडकीला घट्ट जाळी हवी. डास अडवणारी पातळ जाळी नखांपुढे टिकत नाही.

लपायला जागा मात्र द्यायचीच, फक्त ती तुम्ही ठरवलेली असावी. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, दोन बाजूंना भोकं पाडा, आत जुनी चादर घाला. असाच एक खोका उंचावर, मजबूत फळीवर किंवा टेबलावर ठेवा. पलंगाखाली शिरलेलं मांजर तुम्हाला दिसत नाही आणि औषधाला काढायची वेळ आली की झटापट होते. खोक्यातलं मांजर लपलेलंही असतं आणि तुमच्या नजरेतही असतं.

लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, मोठा आणि उघडा घ्या. बाहेरचं मांजर मातीत जातं, त्यामुळे सुरुवातीला ट्रेत साधी माती किंवा वाळू भरा आणि काही आठवड्यांत तिच्यात लिटर (त्यासाठी विकत मिळणारे, ओल शोषणारे दाणे) वाढवत न्या. ट्रे एका टोकाला, अन्नपाणी दुसऱ्या टोकाला.

सावध: फरशी पुसायला फिनाईलसारखी, पाण्यात टाकताच दुधाळ होणारी द्रव्यं वापरू नका. त्यातले घटक मांजरांना विषारी असतात.

## ३. पकडणं आणि तपासणी एकाच फेरीत

बुजऱ्या मांजराला हाताने पकडायला जाऊ नका. चादर टाकून, मानगुटीला धरून, कोपऱ्यात घेरून तर नाहीच. सापळ्याचा पिंजरा आणा. काही दिवस तो दार बांधून उघडा ठेवा आणि जेवण त्याच्यातच द्या. पकडायच्या आदल्या रात्री खाणं बंद करा, पाणी चालू ठेवा. दार पडलं की पिंजऱ्यावर लगेच जाड चादर टाका. अंधार झाला की ते आपटायचं थांबतं. पिंजऱ्यातून कॅरियरमध्ये (मांजर न्यायच्या पेटीत) घ्यायचं असेल तर ते बंद खोलीतच.

तिथून थेट व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे. घरी आणून "जरा शांत होऊ दे, मग नेऊ" असं म्हणणं महागात पडतं, कारण त्याला पुन्हा पकडावं लागतं आणि तोवर कमावलेला विश्वास जातो. एकाच भुलीत जेवढं होईल तेवढं करून घ्या: नसबंदी, लसी, जंतांचं औषध, पिसवांचं औषध, कान आणि दात, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती घटवणारा) व एफईएलव्ही (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) या दोन विषाणूंची रक्ततपासणी. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. एफईएलव्ही लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून आणि एका भांड्यात खाण्यातूनही. संसर्ग नुकताच झाला असेल तर पहिल्या तपासणीत तो दिसत नाही, म्हणून दुसरी कधी करायची ते व्हेटला विचारून घ्या. घरातल्या मांजरांच्या लसी राहिल्या असतील तर त्याही याच आठवड्यात.

व्हेटला आधी फोन करून सांगा की मांजर हाताळू देणारं नाही. सगळ्यांकडे त्याची तयारी नसते.

सावध: कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध मांजराला लावलं तर जीव जाऊ शकतो. मांजर चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम मिटते आणि आत पिकते. शिवाय रेबीजचा प्रश्न असतोच.

## ४. पहिले दोन आठवडे: दार बंद

हा काळ दोन कामांसाठी. एक, अंगात मुरलेला आजार असेल तर तो या काळात वर येतो. शिंका, चिकट डोळे, जुलाब, केस गळून उमटलेले गोल चट्टे दिसतात का बघा. चट्टे असतील तर तो नायटा असू शकतो. तो माणसांनाही होतो. दुसरं काम, मांजराला कळू द्यायचं की या खोलीत त्याच्यावर कोणी चाल करून येत नाही.

नव्याची भांडी, ट्रेचा खुरपा, झाडू वेगळे ठेवा. त्या खोलीत जाताना घालायला एक जुना सदरा दाराशी टांगा आणि बाहेर आल्यावर हात धुवा. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर आणि कपड्यांवर महिनोन्महिने तग धरतो, साध्या साबणाने मरत नाही. त्यामुळे या नियमात सवलत नको.

पहिल्या रात्री ते ओरडेल, जाळीला लटकेल, ट्रे उलटवेल. आत जाऊन समजूत घालू नका. तुम्ही गेलात की भीती वाढते. ठरल्या वेळी दोनदा जा, खाणं ठेवा, ट्रे साफ करा, बाहेर या.

तपासा: रोज किती खाल्लं आणि ट्रेत काय आहे ते लिहून ठेवा. पहिला दिवस उपाशी काढणं नवलाचं नाही. दोन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर व्हेटला फोन करा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. बोका वारंवार ट्रेत बसतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.

## ५. तुमच्याशी ओळख

भांडं दिवसभर भरून ठेवलं तर तुमचं कामच उरत नाही. वेळ ठरवा, खाणं ठेवा आणि तिथेच, लांब, जमिनीवर बसा. अंग तिरकं, नजर दुसरीकडे. हलक्या आवाजात काहीतरी वाचत राहा म्हणजे आवाजाची सवय होते.

आता त्याचे कान बघा. खाताना मांजराचं तोंड भांड्यात असतं, पण एक कान तुमच्याकडे वळलेला असतो. तुम्ही पान उलटलंत की चावणं थांबतं, डोकं वर होत नाही, फक्त थांबतं. मग पुन्हा सुरू. हे थांबणं ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी भांडं तुमच्याकडे एक वीत सरकवा. थांबणं परत आलं तर एक वीत मागे. इतकं साधं मोजमाप आहे, आणि कितीही अनुभव असला तरी याहून चांगलं मला सापडलेलं नाही.

नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटा, हळूच मिटा, मग नजर वळवा. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की माणसाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरही तसेच मिटण्याची शक्यता वाढते आणि अनोळखी माणसाजवळ यायलाही ते अधिक तयार होतं.

हात सगळ्यात शेवटी. आधी लांब दांड्याच्या चमच्यावर ओलं खाणं, मग त्याच दांड्याने गालाला हलका स्पर्श, मग बोट. डोक्यावरून हात नेऊ नका, गालापासून सुरुवात करा. शेपटी आपटायला लागली किंवा पाठीची कातडी थरथरली की थांबा. त्याने अंग मागे घ्यायची वाट बघू नका, हात तुम्हीच आधी मागे घ्या.

इथे बरेच जण अडकतात. मांजर हाताळू देईपर्यंत घरातल्या मांजरांशी ओळख पुढे ढकलत राहतात आणि ते एकाच खोलीत सहा-सहा महिने कोंडलेलं राहतं. तेवढं थांबायची गरज नाही. तुम्ही खोलीत असताना ते शांतपणे खातंय, खोक्याबाहेर अंग पसरतंय, तपासण्या नीट आल्या आहेत, एवढं झालं की पुढे जा. घरातलं मांजर तुमच्या पायात घोटाळताना पाहून बुजऱ्याचीही भीड कमी होते.

## ६. वासाची ओळख

मांजर दुसऱ्याला डोळ्यांच्या आधी नाकाने ओळखतं. गालांवरच्या ग्रंथींचा वास ते दाराला, खुर्चीला, एकमेकांना घासून लावतं. एका घरची मांजरं मिळून एक सामायिक वास तयार करतात, आणि नव्याला त्या वासात सामावून घ्यायचं आहे.

1. घरातल्या मांजराच्या गालावर स्वच्छ मऊ कापड घासा. ते नव्याच्या खोलीत ठेवा, पण भांड्याशेजारी किंवा खोक्यात नको. ज्याकडे पाठ फिरवता येईल अशा मोकळ्या जागी.
2. नवं मांजर हात लावू देत नसेल तर त्याच्या खोक्यातल्या चादरीचा तुकडा घरातल्यांना द्या.
3. हुंगून निघून गेलं तर उत्तम. फिस्कारलं तरी हरकत नाही, उद्या पुन्हा. कापडावर मुतलं किंवा ती वाटच टाळायला लागलं, तर लहान तुकड्यापासून पुन्हा सुरुवात.
4. दोन्हीकडे कापडाची दखल घेणं थांबलं की खोल्यांची अदलाबदल करा. घरातली मांजरं दुसरीकडे बंद करून नव्याला तासभर घर फिरू द्या, आणि त्या वेळात त्याची खोली त्यांना हुंगू द्या. बाहेरचं दार आणि खिडक्या दोनदा बघा.

नवं मांजर खोलीबाहेर यायलाच तयार नसेल तर ओढून काढू नका. नुसतं दार उघडं ठेवून बसा, उंबऱ्यापर्यंत आलं तरी त्या दिवसाचं काम झालं.

## ७. दाराच्या दोन बाजूंना जेवण

दार बंदच. दोन्ही बाजूंना भांडी ठेवा, दारापासून इतक्या लांब की दोघंही पूर्ण जेवतील. रोज थोडं जवळ. दाराखालच्या फटीतून पंजे घालणं, वास घेणं ठीक. फटीशी दबा धरून तासन् तास बसणारं मांजर मात्र खेळत नसतं, पहारा देत असतं. त्याला खेळण्याने तिथून उठवा, दाराखाली कापड लावा आणि भांडं दोन पावलं मागे घ्या.

## ८. नजरेची ओळख

दाराच्या जागी जाळीचं फाटक लावा आणि त्यावर चादर टाका. पहिल्या दिवशी चादर खालून चार बोटं वर, तेही जेवणापुरती. जेवण संपलं की चादर खाली. नजर भिडायच्या आधी संपवायचं, हे इथलं सूत्र.

फिस्कारण्याला घाबरू नका. "जवळ येऊ नकोस" एवढंच त्यात आहे, आणि ते बोलून दाखवणारं मांजर मारामारी टाळत असतं. काळजी करायची ती न पापणी हलवता रोखलेल्या नजरेची, ताठ झालेल्या अंगाची, पुढे झुकून घशातून काढलेल्या लांबट आवाजाची. असं दिसलं की दोघांच्या मध्ये पुठ्ठा सरकवा आणि दुसऱ्या दिवशी चादर कमी उचला.

पुढे जाण्याआधी: चादर पूर्ण वर असताना सलग आठवडाभर दोन्ही बाजूंना जेवण संपतंय का? एखादं मांजर जेवण अर्धं टाकून उठत असेल, तर सगळ्यांचा वेग त्याच्याच वेगाइतका.

## ९. एकत्र

पहिली भेट भुकेच्या वेळी, मोठ्या खोलीत, एकाच शांत मांजराशी. घरात तीन मांजरं असतील तर तिघांना एकदम सोडू नका. वर चढायला दोन तरी जागा आणि निसटायला दोन वाटा हव्यात. नव्याच्या खोलीचं दार उघडं ठेवा, म्हणजे त्याला माघार घेता येईल. कोणालाही उचलून दुसऱ्यासमोर नेऊ नका. काडीने दोन टोकांना खेळवा, खायला द्या, पाच-दहा मिनिटांत संपवा. सगळं छान चाललंय म्हणून आणखी अर्धा तास ठेवायचा मोह होतो, आणि भांडण नेमकं त्याच अर्ध्या तासात होतं.

आवाज न करता चाललेला त्रास ओळखायला शिका. घरातलं मांजर उंबऱ्यात आडवं पडलंय, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. तुम्हाला वाटतं आराम चाललाय. पण नवं मांजर लिटर ट्रेकडे निघालं होतं, ते पाहून परतलं. असं रोज झालं की ते कोपऱ्यात मुतायला लागतं आणि घाण करतं म्हणून बोल त्यालाच लागतो. उपाय एकच, काहीही एकुलतं नको. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, वेगवेगळ्या खोल्यांत. जेवणाची भांडी एकमेकांना न दिसणाऱ्या जागी. पाणी दोन-तीन ठिकाणी.

मारामारी झाली तर: हात मध्ये घालू नका. मध्ये उशी किंवा मोठा पुठ्ठा सरकवा. ओरडणं, पाणी मारणं नको. त्याची भीती समोरच्या मांजराच्या खात्यात जमा होते. दोघांना वेगळ्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवा आणि उचलून शांत करायला जाऊ नका. चवताळलेलं मांजर तासन् तास तसंच राहतं आणि जो जवळ जाईल त्याला फोडतं. त्यानंतर सातव्या टप्प्यापासून पुन्हा. बोक्याची नसबंदी नुकतीच झाली असेल तर त्याच्या अंगातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे लागतात, तेवढी मुदत त्याला द्या.

तुम्ही घरात नसताना आणि रात्री वेगवेगळं ठेवणं चालूच राहू द्या. एकमेकांसमोर पाठ करून झोपायला लागली, की रात्रीचं दार उघडायला हरकत नाही. एकमेकांना चाटतीलच अशी अपेक्षा धरू नका. वाटेत भेटून शांतपणे बाजूने निघून जाणारी मांजरं सुखात असतात.

## बाहेरचं दार आणि माघार

निसटण्याचा धोका पहिले कित्येक महिने राहतो, तोही पहाटे आणि संध्याकाळी जास्त, कारण मांजर त्या वेळी सर्वांत हालचालीत असतं. बाहेरचं दार उघडताना आतलं एखादं दार बंद ठेवायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. पाहुणे, दुरुस्तीला आलेली माणसं, घरातलं कार्य अशा दिवशी नवं मांजर त्याच्या खोलीत, कडी लावून.

महिने गेले तरी मांजर खोक्याबाहेर येत नाही, केस उपटून काढतं, रात्रभर जाळीशी झुंजतं, असं असेल तर व्हेटशी बोला. दुखणं लपलेलं असू शकतं, भीती कमी करणारी औषधंही असतात. माणसांची औषधं मनाने देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. सगळं करूनही त्याला चार भिंती सोसत नसतील, आणि जिथून आणलं ती जागा अजून सुरक्षित असेल, तर नसबंदी आणि लसी झालेल्या मांजराला तिथेच परत नेऊन ठरल्या वेळी खाऊ घालणं हा योग्य निर्णय आहे. अनोळखी ठिकाणी मात्र सोडू नका. तिथे त्याला ना लपायची जागा ठाऊक, ना पाण्याची, आणि तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत.